गाडी ३० मिमी खाली बसवायची, तर शॉकअपही बदलावे लागतात का?

कात्रज_कट

स्विफ्ट २०१८, पेट्रोल, १८५/६५ आर१५ टायर, रनिंग ६२,००० किमी. चारही शॉकअप कंपनीचेच आहेत, गळती दिसत नाही. चाकाच्या वरची रिकामी जागा डोळ्यांना खुपते, म्हणून ३० मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंग टाकायचा विचार आहे. एक दुकानदार म्हणतो फक्त चार स्प्रिंग बदला, शॉकअपला हात लावायचं कारण नाही. दुसरा म्हणतो चारही शॉकअप घेणार असाल तरच गाडी आत घेतो. तिसरा तर स्प्रिंगचं एकेक वेटोळं कापून द्यायला तयार आहे, तासाभराचं काम म्हणे.

गाडीत बऱ्याचदा पाच जण असतात, हायवेही होतो. कोणाचं धरायचं?

---

टॉर्शनबीम

तिसऱ्याला आधी यादीतून काढा. राहिले दोघे. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, कारण "खाली बसवली की शॉकअप बदला" असा सरसकट नियम नाही.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगचं हेलकावणं आवरायचं. त्यामुळे स्प्रिंग बदलताना शॉकअपबद्दल तीन गोष्टी बघायच्या: खाली दबायला जागा उरते का, नव्या स्प्रिंगला आवरायची ताकद त्याच्यात आहे का, आणि चाक पूर्ण लोंबकळल्यावर स्प्रिंग जागेवर घट्ट राहते का.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात तीच कोणी मोजत नाही. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बूट वर सरकवा आणि नळीच्या तोंडापासून बंप स्टॉपच्या (दांड्यावर वर बसवलेला, शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. उदाहरणापुरतं धरू की मागे ते ४५ मिमी भरलं. गाडी ३० मिमी खाली गेली की उरले १५.

आता माणसं बसवा. मागच्या सीटवर तिघे, साधारण २०० किलो, आणि ते जवळजवळ सगळं मागच्या चाकांवर येतं. एका चाकाला १०० किलो, म्हणजे ९८० न्यूटन. स्प्रिंगचा कडकपणा (ती एक मिमी दाबायला लागणारा जोर) चाकापाशी २० न्यूटन प्रति मिमी धरला तर गाडी ४९ मिमी बसते. नवी स्प्रिंग २५ची घेतली तरी ३९ मिमी. तुमच्याकडे जागा १५ची. म्हणजे गाडी रस्त्याला लागायच्या आधीच बंप स्टॉपवर बसलेली. पुढच्या खड्ड्याला हादरा सरळ गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे मागे बसलेल्यांच्या मणक्यात.

बंप स्टॉपला टेकणं हा काही गुन्हा नाही. हल्लीचे बंप स्टॉप फोमसारख्या पॉलियुरेथेनचे असतात, हळूहळू कडक होत जातात, आणि भरल्या गाडीत कंपनीसुद्धा त्यांना मदतनीस स्प्रिंग म्हणून हिशोबात धरते. अडचण होते ती रिकाम्या गाडीतही सतत टेकून राहिल्यावर. मग स्प्रिंग कितीही भारी असो, प्रत्यक्षात गाडी रबरावर चालते.

दुसरी गोष्ट, ताकद. खाली बसवणारी स्प्रिंग थोडी कडक असावीच लागते, नाहीतर वरचा हिशोब आणखी बिघडतो. कडकपणा २० टक्क्यांनी वाढला तर तेवढंच आवरणं कायम ठेवायला शॉकअपचा जोर सुमारे १० टक्क्यांनी वाढायला हवा, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. १.२ चं वर्गमूळ १.०९५. शॉकअप नवा असेल तर १० टक्क्यांची तूट चालून जाते. ६२,००० किमी चाललेल्याचा स्वतःचाच जोर किती उरलाय ते आधी बघावं लागेल. तूट कुठे दिसते? पुलाच्या जोडावरून ८०-९० ने जाताना. गाडी एकदा उसळून थांबायच्या ऐवजी दीड-दोन वेळा हेलकावते.

तिसरी, लोंबकळणं. गाडी जॅकवर उचलली की शॉकअप पूर्ण उघडतो. आखूड स्प्रिंगची मोकळी लांबी त्या वेळच्या दोन बैठकांमधल्या अंतरापेक्षा कमी भरली तर स्प्रिंग सैल होते. पुढे ती निदान स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) अडकलेली असते, फक्त खडखडते. मागे तुमच्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, तिथे ती बैठकीतून सरकूही शकते.

तुमच्या बाबतीत माझं मत: पुढचे दोन्ही बदला. स्प्रिंगसाठी स्ट्रट अख्खा उतरवून खोलावाच लागतो, मजुरी तीच, आणि जुना शॉकअप परत बसवला तर वर्षभरात तेच काम पुन्हा करावं लागेल. मागचे तपासून ठरवा. तिथे शॉकअप एक वर, एक खाली असा सुटा निघतो, नंतर बदलला तरी स्प्रिंगला हात लागत नाही.

---

सरळपट्टी

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत, पण एका गोष्टीवर जोर द्यायला हवा. २५ मिमीच्या आत, शॉकअप ठणठणीत असेल तर बदलण्याची सक्ती नाही. नावाजलेले स्प्रिंगवाले आपले सौम्य संच कंपनीच्या शॉकअपवर चालतील असेच बनवतात. ३० ही सीमारेषा. ४० च्या पुढे मात्र वाद नाही, आखूड शॉकअप लागतोच.

"आखूड" आणि "कडक" यात लोक घोळ घालतात. बिलस्टाइन या शॉकअप कंपनीच्या मालिकेत हे स्वच्छ दिसतं: बी४ म्हणजे कंपनीसारखाच, बी६ म्हणजे लांबी मूळची पण जोर जास्त, बी८ म्हणजे जोर जास्त आणि लांबी कमी, खास खाली बसवलेल्या गाडीसाठी. ४० मिमीच्या स्प्रिंगवर बी६ जातीचा शॉकअप टाकला तर आवरणं सुधारेल, पण लोंबकळताना स्प्रिंग सैल व्हायची ती होईलच. कोणत्याही ब्रँडचा घ्या, दुकानदाराला हा एक प्रश्न विचारा: याची उघडलेली लांबी मूळच्यापेक्षा किती कमी आहे? उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान.

आणि गाडी कुठे चालणार ते विसरू नका. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ३० गेले, उरले १३३. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. तुमचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४५ मीटर, म्हणजे गाडीची दोन्ही चाकं एकाच वेळी त्या उंचवट्यावर मावतात. मधल्या पोटाखाली उंचवटा चाकांच्या रेषेच्या फक्त ४४ मिमी वर येतो. ८९ मिमी शिल्लक, आरामात निघाल.

आता सोसायटीसमोर कोणीतरी रातोरात घातलेला डांबराचा ढिगारा घ्या: उंची तीच १० सेंमी, रुंदी जेमतेम एक मीटर. तो पूर्णपणे दोन चाकांच्या मध्ये येतो आणि १३३ मधले १०० खातो. राहिले ३३. पाच जण बसल्यावर गाडी त्याहून जास्त बसते, तेव्हा सायलेन्सरचा पाइप किंवा खालचं आवरण घासणारच. स्प्रिंग कोणती, शॉकअप कोणता, याचा इथे उपयोग शून्य. गाडीतली माणसं उतरवून गतिरोधक ओलांडायची तयारी आहे का, ते घरच्यांना विचारा.

कायद्याचंही एका ओळीत: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं १८२ए. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर गाडीची उंची छापलेली नसते म्हणून बिनधास्त राहू नका, अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर स्प्रिंगचा रंग बघतो.

---

पाना१४

मोजमाप झालं, आता प्रत्यक्ष कामाचं लिहितो. शॉकअप ठेवायचा की टाकायचा हे गाडीचा कोपरा हाताने दाबून ठरवू नका. त्यात फक्त पार मेलेला शॉकअप कळतो. उतरवून उभा धरा, दांडा पूर्ण दाबा आणि वर ओढा, असं चार-पाच वेळा. दिशा बदलताना मधेच एक-दोन सेंमी काहीच विरोध न होता दांडा सरकला तर आतला व्हॉल्व्ह किंवा तेल गेलं. नळीवर धुळीत बसलेला तेलाचा हलका पट्टा चालतो. ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो टाकाऊ. दांड्यावर गंजाचे टिपके दिसले तरी टाकाऊ, कारण गाडी खाली बसल्यावर आजवर बाहेर राहिलेला तो भाग रोज सीलमधून जाणार आणि सील फाडणार. जुना शॉकअप नव्या स्प्रिंगनंतर दोन-चार महिन्यांत गळायला लागतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

स्प्रिंगबरोबर काय काय मागवायचं: बंप स्टॉप ४, पुढचे डस्ट बूट २, पुढची वरची माउंटिंग २ आणि त्यांची बेअरिंग २, मागच्या स्प्रिंगचे वरचे-खालचे रबरी पॅड ४, स्ट्रटचे मधले नट २. ६०,००० च्या पुढे माउंटिंग आणि बेअरिंग जुनी ठेवू नका. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग "टंग" करून उडी मारते, तो दोष बेअरिंगचा असतो आणि शिव्या मात्र नव्या स्प्रिंगला बसतात.

पुढचं काम. गाडी स्टँडवर, फक्त जॅकवर कधीच नाही. ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या वायरची क्लिप स्ट्रटवरून सोडवा. लिंक रॉडचा नट सोडताना मागचा बोल्ट अॅलन कीने धरा, नाहीतर तो नुसता गोल फिरतो आणि रबर फाटतं. नकलचे (चाक धरणारा ओतीव भाग) दोन बोल्ट सोडण्याआधी नकल आणि स्ट्रटवर रंगाने आडवी खूण करा, जोडताना कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) मूळच्या जवळ येतो. नकल तारेने वर बांधून ठेवा. ती बाहेर लोंबली तर ब्रेकची नळी ताणली जाते आणि चाक फिरवणाऱ्या दांड्याचा आतला जॉइंट निसटू शकतो. वरचे नट शेवटी, आणि त्या वेळी खालून एकाने स्ट्रट धरायचा.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्प्रिंग हाताने बैठकीत फिरायला लागली की मगच मधला नट सोडा. त्याआधी सोडला तर वरची माउंटिंग गोळीसारखी सुटते. हे मी जपून राहा या अर्थाने म्हणत नाहीये, सरळ नियम म्हणून सांगतोय. नवा शॉकअप बसवताना मधल्या नटाला एअर गन लावू नका, दांडा आत गरगर फिरतो आणि सील पहिल्याच दिवशी खराब होतं. दांडा अॅलन कीने धरून पान्याने आवळा. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलं पाहिजे, ५ ते १० मिमीपेक्षा जास्त फट नको.

मागे दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट सोडून बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग) हळूहळू खाली उतरवा. ब्रेकच्या नळ्यांकडे आणि हँडब्रेकच्या केबलकडे लक्ष ठेवा. स्प्रिंग हातानेच निघते, कॉम्प्रेसर लागत नाही.

एवढं सगळं नीट करून पुढची पायरी जवळजवळ प्रत्येक गॅरेज गाळतं. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश (सांध्यातले रबर) आतून धातूला चिकटवलेले असतात, ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी मूळ उंचीला असताना ते सरळ असतात. ३० मिमी खाली गेल्यावर ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि काही हजार किलोमीटरमध्ये चिरतात. म्हणून त्यांचे बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर नवीन उंचीला बसू द्या आणि त्या अवस्थेत सर्व्हिस मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हेच लागू. रॅम्प असेल तर सोपं, नाहीतर चाकांखाली लाकडी ठोकळे घेऊन करता येतं.

आणि हो, "बंप स्टॉप अर्धा कापून टाका, मग आपटणार नाही" हे ऐकू नका.

---

सरळपट्टी

@पाना१४, बंप स्टॉपबद्दल थोडं थांबा. आखूड शॉकअपबरोबर बंप स्टॉप कापायला काही स्प्रिंगवाले स्वतःच सांगतात, संचाच्या कागदावर किती मिमी कापायचा तेही लिहिलेलं असतं.

---

पाना१४

आखूड शॉकअपबरोबर, आणि कागदावर लिहिलंय तेवढंच, कबूल. मी कंपनीचा शॉकअप ठेवून कापणाऱ्यांबद्दल बोलतोय. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे शॉकअप दुहेरी नळीचे, त्यांच्या तळाशी एक व्हॉल्व्ह असतो. बंप स्टॉप पिस्टनला तिथे पोचण्याआधी अडवतो. तो कापला की मोठ्या खड्ड्यात पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, गळतीही नाही, फक्त त्या चाकाचं आवरणं एकदम नाहीसं होतं.

जागा पुरते की नाही हे कापण्याआधी बघायचा सोपा मार्ग: शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट लावा आणि नळीच्या तोंडापर्यंत खाली सरकवा. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर, एकदा तरी पाच माणसं घेऊन चालवा. नळी टायला जिथवर ढकलते तिथवर शॉकअप दबला. टाय बंप स्टॉपच्या थोडा खाली सापडला तर उत्तम. बंप स्टॉपच्या शेवटच्या घडीपर्यंत चढला असेल आणि रबरावर नळीच्या तोंडाचा गोल ठसा उमटला असेल, तर स्प्रिंग फार खाली किंवा फार मऊ आहे.

---

नेकारकाठ

जर्मनीत हा प्रश्न असा सुटतो: खाली बसवणाऱ्या स्प्रिंगबरोबर साधारणपणे 'टाइलेगुटआख्टन' नावाचा अहवाल येतो. त्यात कोणत्या मॉडेलला, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर किती किलोपर्यंत, कोणत्या टायरबरोबर चालेल ते लिहिलेलं असतं. बसवून झालं की लगेच ट्युफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांकडे गाडी दाखवून नोंद घ्यायची. ते बघतात तेच टॉर्शनबीम यांनी लिहिलंय: चाक लोंबकळताना स्प्रिंग दाबाखाली आहे का, आणि तिरकी चढवल्यावर (एक पुढचं चाक आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं) टायर कुठे घासतो का. भारतात कोणी विचारणार नाही, पण ही तिरकी चाचणी फुटपाथच्या उतारावरही करता येते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर काळे ओरखडे येतात का ते बघा.

युरोपातून स्प्रिंग मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. "३० मिमी" हा आकडा तिथल्या गाडीच्या उंचीवरून मोजलेला असतो. फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्या भारतासाठी मुद्दाम उंच केलेल्या होत्या, त्यावर तीच स्प्रिंग टाकली तर गाडी ३० पेक्षा जास्त खाली जाते, आणि शॉकअपचा हिशोब त्या जास्तीच्या आकड्यावर करावा लागतो.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल: सहा चालती वेटोळी असलेल्या स्प्रिंगचं एक कापलं की ती २० टक्के कडक होते, इथवर ठीक. पण ज्या स्प्रिंगची टोकं आत वळवून निमुळती केलेली असतात त्यांचं टोकच गेलं तर बैठकीत बसायला काही उरत नाही, ती एका काठावर टेकते आणि बैठक चिरते. शिवाय मोकळी लांबी भसकन कमी होते, लोंबकळताना सैल पडणं जवळपास ठरलेलं. गॅस कटरने तापवून बसवणं याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं, तेवढाच भाग मऊ होतो आणि दोन बाजू दोन उंचीला बसतात.

---

कात्रज_कट

सगळ्यांचे आभार, कापायचं डोक्यातून काढलं. मोजून पाहिलं: पुढे नळी ते बंप स्टॉप ५२ मिमी, मागे ४०. पुढे ३० आणि मागे १५ असं करता येईल का? आणि वर-खाली करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र संच) घेतले तर हा सगळा हिशोबच टळेल ना?

---

टॉर्शनबीम

कॉइलओव्हरने हिशोब टळत नाही, तो करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ज्या संचात उंची फक्त स्प्रिंगची बैठक फिरवून बदलते, त्यात खाली घेतलं की दबायची जागा तेवढीच कमी होते, स्प्रिंगसारखीच. ज्यात खालची कडी फिरवून अख्ख्या शॉकअपची लांबी बदलते, तिथे जागा टिकते. आपल्या पावसाचा चिखल आणि मीठहवा लागली की आटे गंजतात. वर्षातून एकदा सोडवून, पुसून, ग्रीस लावलं नाही तर दुसऱ्या वर्षी कडी हलत नाही. पाच जणांच्या गाडीला मी सुचवणार नाही.

पुढे ३०, मागे १५ हे मात्र शहाणपणाचं आहे, कित्येक तयार संच असेच असमान असतात. तुमच्या आकड्यांनी पुढे २२ आणि मागे २५ शिल्लक राहतात. पुढे दोन नवे शॉकअप, आणि मागचे पाना१४ यांनी सांगितलेल्या हातचाचणीत पास झाले तर तेच ठेवा, बंप स्टॉप नवे टाका, कापू नका. तिघे मागे बसले की तरीही मागची बाजू बंप स्टॉपला लागेल, पण नवा स्टॉप तेवढं झेलतो.

काम झाल्यावर चारही चाकांचं मध्य ते फेंडरच्या कडेचं अंतर लिहून ठेवा. १५०-२०० किमी चालवून पुन्हा मोजा, स्प्रिंग आणि पॅड बसून ३ ते ५ मिमी आणखी जातात. अलाइनमेंट त्यानंतर. आधी केलेली वाया जाते. तुमच्या गाडीत पुढचा टो (वरून पाहताना चाकांची आत-बाहेर दिशा) तेवढा जुळवता येतो, कॅम्बर खाली बसल्यामुळे थोडा आत झुकेल. तो एका अंशाच्या आसपास असेल तर सोडून द्या, दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक आला तर नकलच्या वरच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकून घ्या. टायर आतून खाल्ला जातो तो बहुधा टो चुकल्यामुळे, नाव मात्र कॅम्बरचं होतं.

पुढची बाजू मागच्यापेक्षा १५ मिमी जास्त खाली गेली की हेडलाइटचा झोत २.४५ मीटर व्हीलबेसवर सुमारे एक तृतीयांश अंशाने खाली येतो. २५ मीटरवर तो जवळपास १५ सेंमी खाली पडेल आणि रात्री हायवेला रस्ता लवकर संपल्यासारखा वाटेल. तेव्हा अलाइनमेंटच्याच दिवशी, टाकी अर्धी भरलेली आणि ड्रायव्हर सीटवर माणूस बसलेला ठेवून झोतही जुळवून घ्या.